कडूलिंबाची दक्षिण बाजू

चिखली,
वैशाख, १९६२

अंगणात झाड आणि भिंतीपलीकडे शेजारी असलेल्या माझ्या तमाम बंधूंनो!

आपले झाड आपल्या जागेत उभे राहते, आपल्या विहिरीचे पाणी पिते, आपल्याच बायकोचे शिव्याशाप खात वाढते, आणि पाला मात्र शेजाऱ्याच्या घरावर टाकते. त्या पाल्याचा जाब झाडाला कोणी विचारत नाही, आपल्याला विचारतात. जाब विचारून झाला की कुऱ्हाडवाला मात्र झाडाकडे पाठवतात. हा अन्याय आपण आणखी किती पावसाळे सोसायचा?

(हिंमतराव, माफ करा. कागद पुढे घेतला की मला सभा दिसते. तुम्ही एकटेच वाचणार आहात हे ठाऊक असूनही ‘बंधूंनो’ लिहून गेलो. पण खोडत नाही. तुमच्या परसातल्या आंब्याचा शेंडा तुमच्या चुलतभावाने तुम्ही गावाला गेल्यावर उडवला होता, तेव्हा तुम्हीही या सभेतलेच आहात.)

तर माझे साडू, मित्र आणि राजकारणातले शत्रू हिंमतराव यांना धामणगाव बढे मुक्कामी महादेवचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो अजून वाजतो का, की महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या निषेधार्थ त्यानेही बोलणे बंद केले? कलाबाईंचा खोकला गेला का? त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या अन्नपूर्णाबाईंनी, अडुळशाचा काढा पाठवला होता; तो त्यांनी घेतला की म्हशीला पाजला, हे खरे खरे कळवा. राज्य होऊन दोन वर्षे झाली. तुमचा वेगळा विदर्भ झाला नाही आणि माझ्या संयुक्त महाराष्ट्राने अजून आमच्या गल्लीतली नाली बांधली नाही. हिशेब बरोबरीत सुटला असे समजून आता तरी आमच्याकडचा चहा ‘मुंबईचा चहा’ म्हणून परत पाठवू नका. मागल्या दिवाळीत तुम्ही तसे केलेत आणि तो चहा मला प्यावा लागला. तो खरोखरच वाईट होता.

हे पत्र लिहिण्यामागे काही काम नाही. मला तुमच्याकडून काहीही नको. इकडची हकीकत खामगावच्या बाजारातून तिखटमीठ लागून तुमच्या कानावर जाईल, त्याआधी ती माझ्याकडून जावी एवढाच हेतू.

आमच्या अंगणातला कडूलिंब तुम्ही पाहिला आहे. त्याच्या उत्तरेला रस्ता, दक्षिणेला आमची भिंत, आणि भिंतीला लागून भगवंतरावांच्या कोठीच्या खोलीचे बुटके, भाजल्या मातीच्या कवेलूचे छप्पर. या झाडाखाली अन्नपूर्णाबाई रोज दुपारी बायकांना लिहायला-वाचायला शिकवतात. आमचे घर दीड खोलीचे. त्यातली एक माझ्या पुस्तकांनी भरलेली आणि अर्धी अन्नपूर्णाबाईंनी माझ्यापासून वाचवलेली. आत वर्ग भरणे शक्य नाही. आणि जागा असती तरी आत भरला नसता, हेही लिहून टाकतो. कोणाच्या उंबऱ्याच्या आत कोणी यायचे, आत आल्यावर कोणी कुठे बसायचे, याचे कायदे आपल्या बायकांना अक्षरओळख होण्याआधीच पाठ असतात. झाडाला उंबरा नाही. झाडाखाली एकच लांब तरट अंथरतात, त्यावर महादेवाच्या देवळाशेजारच्या बायका बसतात आणि त्याच तरटावर बौद्धवाड्यातल्या सिंधूताई आणि चांगुणाही बसतात. सावली सरकते तशा सगळ्या मिळून सरकतात. गेल्या वर्षी सिंधूताईंनी लेकाचे पत्र स्वतः वाचले आणि त्याच तरटावर बसून त्याला भरपूर शिव्याही घातल्या. मी राज्यक्रांत्यांवर पुष्कळ बोललो आहे. पण राज्यक्रांती म्हणतात ती आमच्या अंगणात दुपारी पाटीवर चालते, आणि तिला लागते फक्त सावली. झाड गेले की वर्ग गेला, इतके हे सरळ आहे.

आता भगवंतराव. तेलाचे व्यापारी, गळ्यात तुळशीची माळ, आणि घरावरच्या प्रत्येक कवेलूवर पोटच्या पोरासारखे प्रेम. आमच्या झाडाचा पाला त्यांच्या कवेलूत अडकतो, पावसात कुजतो, पाणी तुंबून कोठीत गळते, अशी त्यांची तक्रार. तक्रार खरी आहे, ते मी नाकारत नाही. पण पाला गेली वीस वर्षे पडतो आहे आणि कवेलूंना त्याचा त्रास होऊ लागला सिंधूताई आणि चांगुणा वर्गाला येऊ लागल्यापासून. कवेलूंना एवढी समज असते हे मला ठाऊक नव्हते. भगवंतरावांनी आपल्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, वर्गाला यायला बंदी घातली, आणि माघ महिन्यात मला निरोप पाठवला की एक तर दक्षिणेकडच्या फांद्या काढा, नाही तर झाड तोडून बुडखाच ठेवा.

मी चिडलो नाही. मी वाचले. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असल्याने कृषी खात्याच्या पुस्तिका मी नेहमीच वाचतो (दुसरे कोणी वाचत नाही). त्यात मला सापडले की झाडाची छाटणी हे एक शास्त्र आहे आणि आपण सगळे ते कसायासारखे करतो. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची एक फुगीर कड असते. काप त्या कडेच्या बाहेरून घ्यायचा. कड कापली तर जखम भरत नाही. आणि कडेपासून वीतभर खुंट ठेवला तर तो पावसात कुजतो आणि कूज खोडात उतरते. जड फांदी आधी खालून थोडी कापायची आणि मग वरून, नाही तर ती पडताना खोडाची साल सोलत नेते. शेंडा कधीही उडवायचा नाही, कारण बोडक्या झाडाला फुटणारे फुटवे वरवर चिकटलेले असतात आणि वादळात पहिले तेच खाली येतात. एका वर्षात पाव भागाहून जास्त काढायचे नाही. आणि हे सगळे पावसाळ्याच्या बरेच आधी, कोरड्या दिवसांत उरकायचे. जखमेवर शेण नाही, डांबर नाही, काही थापायचे नाही. आत ओल कोंडते. फांद्या विरळ झाल्या की वारा झाडातून निघून जातो, झाडाशी झोंबत नाही. विरोधकांना वाट मोकळी ठेवणारे सरकार जसे जास्त टिकते तसे. (हे तुमच्यासाठी लिहिले आहे, हिंमतराव.)

मी पुंजाजीला बोलावले. पुंजाजी आमच्याकडचा लाकूडतोड्या. त्याची रीत अशी की मजुरी घेत नाही, तोडलेले लाकूड नेतो. रीत जुनी आहे आणि सोयीची वाटते, पण तिच्यातच झाडांचे मरण आहे. ज्याला लाकूडच मजुरी म्हणून मिळायचे, तो बारीक फांदी कशाला तोडेल? मी त्याला अर्धा तास कड समजावली, खालचा काप समजावला. तो विडी ओढत खोडाकडे पाहत होता, नवऱ्या मुलाचा बाप सुनेकडे पाहतो तसा.

“काका, या फांट्यांत काय हाये? चूल बी नाही पेटत. ते मधलं खोड द्या मले, मंग पाहा अंगनात कसा उजेड पडते.”

मी म्हटले, आम्हाला सावली हवी आहे, उजेड नको.

“मंग मले काऊन बलावलं? सावली त हायेच!” म्हणाला आणि निघून गेला.

तर्काच्या दृष्टीने त्याने मला हरवले, हे मी कबूल करतो. पण त्याच वेळी झाडाकडे पाहताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आमचे झाड दक्षिणेला का झुकले? कारण दर पाडव्याला अख्खी गल्ली गुढीसाठी आमच्याच झाडाचा डहाळा नेते, आणि तो नेते रस्त्यावरून, म्हणजे उत्तरेकडून, हाताला लागेल तसा ओरबाडून. वर्षानुवर्षे उत्तर बाजू गुढ्यांवर चढली आणि दक्षिण बाजू भगवंतरावांच्या छपरावर पसरली. म्हणजे झाड वाकडे केले ते सणाने. मग सणानेच ते सरळ का करू नये? पाडवा येतो कोरड्या दिवसांत, पावसाच्या पुष्कळ आधी. माणसे फुकट, आनंदाने, अंघोळ करून येतात. आणि प्रत्येकाला हवा असतो बारीकच डहाळा, खोड कोणालाच नको असते. हिंमतराव, मला सांगा, जगात कोणाला इतकी स्वच्छ योजना सुचली आहे का?

सोमवारच्या बाजारात मी भाषण केले. मिरचीच्या ढिगाशेजारी उभा राहून केले, त्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी होते आणि त्याचा श्रोत्यांवर फार परिणाम झाला. उत्तरेचा अन्याय सांगितला. दक्षिणेचा भार सांगितला. शेवटी हात उंचावून म्हणालो, यंदाचा पाडवा दक्षिण बाजूने! लोकांनी घोषणा उचलून धरली. (काहींना वाटले हा भाषावार प्रांतांचा नवा प्रश्न आहे. त्यांनी जास्तच जोरात धरली.)

पाडव्याच्या सकाळी आमच्या अंगणात जत्रा जमली. मी स्टुलावर, हातात करवत. ठरवले होते की ज्याला कड समजली त्यालाच करवत द्यायची. पहिल्याला समजावली, दुसऱ्याला समजावली, तिसऱ्याने मध्येच एक शंका काढली म्हणून पहिल्या दोघांना पुन्हा समजावली. अन्नपूर्णाबाई ओट्यावरून डोळे मोठे करून मला काही सुचवत होत्या. त्या नेहमीच सुचवतात. ऊन चढले. तेव्हा चहाच्या दुकानाचे उकंडराव, आवाज भोंग्यासारखा, गर्दीतून ओरडले:

“महादेवभाऊ, गुढी उभारायची हाये का झाडाचं बारसं करायचं हाये? घरी बायको पुरन वाटून राह्यली अन् मी इथं झाडाची कड शिकून राह्यलो!”

आणि मग माझ्या भाषणाचे फळ मला मिळाले. दक्षिण बाजू घ्या असे मीच सांगितले होते. ती बाजू भगवंतरावांच्या छपरावर आहे हे मी भाषणात सांगितले नव्हते. भाषणात दिशा दाखवायची असते, वाट श्रोत्यांनी शोधायची असते. ती त्यांनी शोधली. भिंतीवर पाय आणि भिंतीवरून छपरावर. पाहता पाहता अर्धी गल्ली भगवंतरावांच्या कोठीवर उभी राहिली. ज्या कवेलूंना पानांचे ओझे सोसत नव्हते, त्यांच्यावर उकंडराव उभे होते. (त्यांना तुम्ही पाहिले आहे.) पण एक गोष्ट मी अभिमानाने नोंदवतो. कवेलू फुटत होती, पण फांदी एकही ओरबाडली गेली नाही. जो तो पायाखाली कडकड आवाज ऐकत असतानाही कडेच्या बाहेरून, बेतानेच कापत होता. याला म्हणतात लोकशिक्षण.

मी त्यांना उतरवायला वर चढलो. चढल्यावर समोर सगळा समाज वर तोंड करून उभा दिसला, आणि अशा जागी गप्प राहणे मला जमत नाही. मी बोललो. चांगले बोललो. शेजारधर्मावर बोललो. मुद्द्यावर जोर द्यायला पाय आपटला, आणि तसाच सरळ खाली भगवंतरावांच्या कोठीत, सरकीच्या ढिगात कमरेपर्यंत रुतलो. समोर रुक्मिणीबाई हातात गुळाची ढेप घेऊन उभ्या.

“अगबाई, भावजी! दारातून याले काय झालं होतं?”

मी म्हटले, वहिनी, घाईत होतो.

“आता आलेच हात तं जेवून जा. सणाच्या दिवशी उपाशी नाही जाऊ देत मी कोनाले.”

नाही म्हणता आले नाही. ताट आले, वर तुपाची धार. मी पहिला घास घेतो तोच भगवंतराव दारात. त्यांनी आधी वर आभाळाकडे पाहिले, ते त्यांना त्या खोलीतून पूर्वी कधी दिसले नव्हते. मग माझ्याकडे.

“माह्यं छप्पर फोडून माह्याच घरची पुरनपोळी खाऊन राह्यला तुम्ही?”

मी घास गिळला.

पंच बसले. भगवंतरावांनी मागितले ते एवढेच: मिरगाच्या पावसाआधी छप्पर होते तसे करून द्या, तसल्याच जुन्या नळीच्या कवेलूंनी, नाही तर पुंजाजीच्या हातात कुऱ्हाड देतो आणि बुडखा ठेवतो. मी पंचांसमोर हो म्हटले. छपरातून पडलेल्या माणसाला अटी घालता येत नाहीत. कबूल करताना मला वाटले होते की कवेलू ती काय, कुंभाराकडे मिळतील. पण आमचा कुंभार आता विटा भाजतो. जिकडेतिकडे शाळा आणि कचेऱ्या बांधणे चालू आहे, नळीचे कवेलू त्याने तीन वर्षांत हाताने घडवलेले नाही. बाजारातली मंगलोरी कवेलू भगवंतरावांना चालत नाहीत. ती म्हणे परकी आहेत. (त्यांचे आणि तुमचे जमेल.)

भोक त्यांनी मुद्दाम झाकलेले नाही. पुरावा आहे ना. आलेल्या पाहुण्याला पाणी देण्याआधी कोठीत नेऊन ते भोक दाखवतात. ‘इथून पडले, इथं रुतले, इथं जेवले’, असे तीन टप्पे सांगतात. अन्नपूर्णाबाईही रोज दुपारी, भगवंतराव दुकानावर गेले की, वर्ग सुरू करून देऊन नुकसानीची पाहणी करायला तिकडे जातात. मी समजतो की त्या माझ्या वतीने समेट करत असाव्यात. पुंजाजी रोज सकाळी येतो आणि आमच्या खोडाला मिठी मारतो. प्रेमाने नव्हे, माप घ्यायला.

आणि झाड कसे दिसते म्हणून सांगू! दक्षिण बाजू विरळ झाली, भार दोन्हीकडे सारखा झाला, दुपारचा वारा आरपार जातो. कापांच्या कडांना साल गोल गोल फुगून येऊ लागली आहे. चांगुणा म्हणाली, झाडानं केस विंचरल्यासारखं दिसते. बायका वर्गाला येतात, झाडाकडे पाहत नाहीत आणि मिरगाबद्दल बोलत नाहीत. सिंधूताईंनी मात्र काल पाटी खाली ठेवून मला विचारले, “तुमच्या भाषनानं छप्पर फुटते, तं छप्पर जुडत नाही का?” मी पाटी उचलून त्यांच्या हातात परत दिली.

बाकी सर्व क्षेम. कलाबाईंना आशीर्वाद, म्हशीला आमची आठवण.

तुमचा साडू,
महादेव

ता. क. – सहज आठवले म्हणून विचारतो. गेल्या वर्षी तुम्ही गोठ्यावर टिनपत्रे टाकलीत, तेव्हा जुनी कवेलू उतरवून परसात रचून ठेवली होती. ती नळीचीच ना? ती तिथे विंचवांच्या उपयोगी पडत असतील, पण विंचवांची दुसरीकडे सोय होऊ शकेल. धान्याचा ट्रक धामणगावहून चिखलीच्या बाजारी येतोच. त्यात तळाशी कडबा घालून कवेलू उभी रचा. आडवी रचली की फुटतात. तुम्ही स्वतः बरोबर या, कारण वेगळ्या विदर्भाचा माणूस महाराष्ट्राचे छप्पर शाकारायला आला, हे पाहून भगवंतराव तरी काय बोलतील? वेगळ्या विदर्भाच्या बाजूने मी बाजारात एक भाषण करून देईन. पाय न आपटता.

ता. क. दुसरा – वरचे सगळे अन्नपूर्णाबाईंनी वाचले. (मी पत्र बंद करायच्या आत त्या नेहमीच वाचतात, आणि मी ते भूषण समजतो.) त्या म्हणाल्या, तुम्हाला या घरातले काहीच कळत नाही. मग त्यांनी मला ते सांगितले. त्या रोज तिकडे नुकसान पाहायला जात नाहीत, पदराखाली पाटी घेऊन जातात. पाडव्यापासून आमच्या अंगणातला वर्ग भोकातून थेट रुक्मिणीबाईंच्या कोठीत ऐकू जातो. बायका इकडे मोठ्याने म्हणतात, रुक्मिणीबाई तिकडे सरकी निवडत म्हणतात आणि कोळशाने जमिनीवर अक्षरे काढतात. भगवंतराव पाहुण्यांना घेऊन आले की त्या त्यावर सरकीचे टोपले ठेवतात. म्हणजे मी भोक पाडले म्हणून लाजत होतो, आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यात परिणामकारक भाषण तेच ठरले! मी लगेच म्हणालो, मग कवेलू आणायची घाई कशाला, भोक राहू द्या. त्यावर अन्नपूर्णाबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती इथे लिहिता येत नाही. मिरगाला भोक राहिले तर झाड जाते, आणि झाड गेले तर त्या भोकातून ऐकू येणार काय? त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतले आणि भिंतीपलीकडे नेले. खाली उरलेल्या जागेत जे आहे ते माझे नाही.

हिंमतभाऊ, मी शेजारच्या घरची रुक्मिणी. हे मी लिहिलं. छप्पर झाकलं का मी झाडाखाली जाऊन बसनार हाव, तरटावर, सगळ्याईत. घरी सांगून टाकलं. आभाळ येऊन राह्यलं. कवेलू घेऊन या.